एकटीनं उचलायचं नाही

“सिस्टर, तुमची उजव्या पायातली चप्पल कुठाय?”

सांगलीच्या मणक्याच्या डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, कुठं दुखतंय नाही. मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय मोकळा. आमचे हे आल्या पावली दारातनं मागं फिरले आणि बाहेरच्या बाकड्यांसमोरनं माझी चप्पल उचलून घेऊन आले. कुणीतरी ती पायानं भिंतीच्या कडेला सरकवून ठेवली होती म्हणे. एवढ्या लोकांसमोरनं मी एका चपलेवर चालत आत आले होते आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला टाचांवर चालायला सांगितलं. डाव्या पायाचा चवडा उचलला, उजव्याचा उचलेना. मग टेबलावर झोपवून त्यांनी माझ्या उजव्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, अंगठा वर ओढा, माझ्या बोटाला ढकला. मी दातओठ खाऊन जोर लावला. कपाळाला घाम आला, अंगठा ढिम्म. सगळा जन्म माझ्याबरोबर चालत आलेला अंगठा, आणि माझं ऐकेना.

“फूट ड्रॉप,” ते म्हणाले. हे शब्द मी पेशंटच्या केसपेपरवर किती वेळा वाचले असतील. पायाचा चवडा वर उचलणारी नस दुबळी होते आणि पाय पुढून लोंबतो, ते फूट ड्रॉप. एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडाला लावली. कंबरेच्या दोन मणक्यांच्या मधली गादी फुटून बाहेर आली होती आणि पायाकडं जाणारी नस तिनं दाबून धरली होती. ह्याला डिस्क प्रोलॅप्स म्हणतात. आमच्या गावाकडं म्हणतात गादी सरकली. ऐकायला असं वाटतं की ढकलून परत जागेवर बसवता येईल. तशी ती बसत नाही.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, “सिस्टर, नस मोकळी करायला ऑपरेशन लागेल आणि लवकर लागेल. पण पायात ताकद परत येईलच असा शब्द मी देणार नाही. नस किती दाबली गेलीय त्यावर ते आहे.”

मी काय विचारावं? मी विचारलं, “सर, मग माझ्या ड्युटीचं काय?”

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

मी शालन. माहेर वडूजच्या पुढं, माळावरचं. आमची मेंढरं होती. व्यालेल्या मेंढीचं कोकरू खांद्यावर टाकून कोसभर चालणारी मी पोर, वजनाचं भय मला कधी शिवलं नाही. दिलं पलूसला, उसाच्या पट्ट्यात. नवरा मिलिटरीत हवालदार, आता रिटायर होऊन घरची शेती बघतात. मी शिकून नर्स झाले आणि गेली कितीतरी वर्षं एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण जे तिथं आहे तेच बाकीच्या ठिकाणी आहे. हे मी लिहिलंय ते मुख्यतः माझ्यासारख्या सिस्टरांसाठी. ज्यांची कंबर आज दुखतीय आणि ज्या म्हणतायत, चालायचंच.

वॉर्डात माझं नाव होतं जेसीबी.

ते असं पडलं. एक आडदांड पेशंट सरकत सरकत कॉटच्या पायथ्याला आला होता. मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, एक्स-रेला गेलेले. मावशी दुसऱ्या पेशंटची चादर बदलत होती. मी त्या माणसाच्या दोन्ही काखेत हात घातले, पाय रोवले आणि एका हिसक्यात त्याला उशीपर्यंत वर ओढला. त्याची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, “आयाया, ह्या बाई न्हाईत, जेसीबी हाय.” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. खरं सांगू का, मला ते लय आवडलं. त्या दिवसापासून कुणाला उचलायचं असलं की हाक यायची, शालनताईला बोलवा. आणि मी जायची. मदतीला कुणी आहे का हे बघायची सवयच मोडली.

आता मागं वळून बघते तेव्हा कळतं, माझी पाठ एका दिवसात गेली नाही. ती रोज थोडी थोडी गेली. आमच्या वॉर्डातल्या कॉट खालीवर करायला एक लोखंडी हँडल असतं. सगळ्या वॉर्डाला मिळून एकच हँडल आणि ते स्टोअररूममध्ये कुलपात, कारण बाहेर ठेवलं की हरवतं. त्यामुळं सगळ्या कॉट कायम खाली. शीर शोधायला वाका, सलाईन लावायला वाका, जखम धुवायला वाका. दिवसभर माणूस अर्धा मोडलेला. ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर ट्रॉलीवरनं न्यायचं, तर ट्रॉलीचं एक चाक फिरतच नाही. मग सिलिंडर तिरकं करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचं. भरल्या वॉर्डाला सिस्टर दोन, आणि एक रजेवर गेली की उरलेलीनं जोड ड्युटी करायची. ड्युटी सुटली की घरी धारा, भाकरी, गुरांपुढं उसाच्या वाड्याचा भारा. पाठीनं बिचारीनं कुणाकडं तक्रार करायची?

आणि आमची एक चूक आहे, ती दुसऱ्या कुणाला करताच येणार नाही. बाकीच्या बायका कंबर दुखली की बाम चोळतात, फारच झालं तर डॉक्टरकडं जातात. आम्ही सिस्टरा पडद्यामागं जातो. सोबतची सिस्टर दुखणं मारायचं इंजेक्शन भरते, कमरेवर टोचते, कापसानं दाबते, आणि आपण साडी नाहीतर ड्रेस सारखा करून परत कामाला. केसपेपर नाही, तपासणी नाही. ओपीडी त्याच इमारतीत, एक जिना उतरलं की. पण आम्ही उतरत नाही. डॉक्टर विश्रांती सांगतील आणि आपली ड्युटी दुसरीच्या बोकांडी बसेल, ही भीती. मी पण तेच करत आले. पेशंटला दहा वेळा सांगायचं, अंगावर काढू नका. आणि स्वतः काढायचं.

सुरुवात झाली ती एका सकाळी एका आजीला बाथरूमला नेताना. आजींचे पाय लटपटले, मी त्यांना कंबरेत मिठी मारून धरलं आणि तशीच वळले. कमरेत कट्‌ झालं. आजी पडल्या नाहीत. माझ्या मात्र ढुंगणापासनं मांडीच्या मागनं पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत आगीची रेघ गेली. ह्या दुखण्याला सायटिका म्हणतात. नस कमरेत दाबली जाते आणि बोंब पायातनं येते. मी पडद्यामागं गेले. बरं वाटलं. दोन दिवसांनी परत गेले.

पुढं पुढं पावलाचा वरचा भाग बधिर झाला आणि उजवी चप्पल निसटायला लागली. ह्यावर मी काय केलं असेल? नवी चप्पल घेतली. म्हटलं जुनी सैल झाली. ती पण निसटायला लागली तर मागं पट्टा असलेली घेतली, आणि ती ड्युटीसाठी ठेवली. नर्सिंगच्या परीक्षेत फूट ड्रॉपची लक्षणं लिहा, ह्याच प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते.

धरलं मला हवालदारांनी. मी परड्यातनं चालत होते आणि ते चहा पीत बसले होते. म्हणाले, “तुजा येक पाय परेड चुकतोय. येक वाजतोय टक, दुसरा वाजतोय थप्प.” मी म्हटलं काही नाही, चप्पल नवी आहे. ते म्हणाले, चप्पल नवीय, पाय जुनाय. आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना त्यांनीच फोन लावला, त्यांनी एमआरआय सांगितला, आणि आम्ही सांगलीला गेलो. पट्ट्याची चप्पल ड्युटीच्या कपाटात राहिली होती म्हणून मी घरची साधी घालून गेले, आणि मग पुढचं सगळं उघड्यावर आलं.

ऑपरेशनचं नाव मायक्रोडिस्केक्टमी. दुर्बिणीतनं बघत लहानशा चिरेतनं गादीचा बाहेर आलेला तुकडा काढतात आणि नस मोकळी करतात. आदल्या दिवशी मी वेटिंगला बसले होते. आजवर मी असल्या बाकड्यांच्या पुढनं नुसती तरातरा गेले होते, बसले कधी नव्हते. तिथनं जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरच्या तोंडाकडं माणूस किती बघतो हे तेव्हा कळलं. ती हसली तर आपलं बरं होणार, ती घाईत असली तर काहीतरी बिनसलंय. वेड्यागत असतं, पण असतं. मी पण बघत होते.

शुद्धीवर आले तेव्हा पायातली आग गेली होती. एवढं हलकं वाटलं की रडू आलं. मग मी पांघरुणाखाली अंगठा हलवायला गेले. नाही हलला. डॉक्टर राउंडला आले, नस मोकळी झालीय म्हणाले, आता ती जागी होईल तेव्हा होईल, तिला घाई करता येत नाही.

त्या दुपारी मला कुशीवर वळवायचं होतं. ऑपरेशननंतर पेशंटला वळवताना पाठ पिळायची नसते. डोकं, पाठ, कंबर सगळं एका वेळी, ओंडका फिरवावा तसं फिरवायचं. त्याला लॉग रोल म्हणतात. एक सिस्टर आली आणि पायाशी उभी राहिली. मी म्हटलं, अगं वळव की, मी पण सिस्टरच आहे, मला माहितेय. ती म्हणाली, “थांबा ताई, दुसरी येऊ दे. आमच्याकडं एकटीनं पेशंटला हात लावायचा नाही.” दुसरी आली, तिसरीनं उशी धरली, अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून घट्ट धरली, आणि मी अशी वळले की कळलं पण नाही. कुणी कण्हलं नाही, कुणाच्या कपाळावर शीर उठली नाही.

मला त्यांचं कौतुक वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. इतका की डोळ्यांतनं पाणी आलं, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं मला दुखलं. एवढंच होतं? एक चादर आणि एक जास्तीचा हात? एवढ्यासाठी माझा पाय गेला?

घरी आले. पायाला चवडा वर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जास्त वेळ बसायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, थकलेल्या. मला वाटलं घर बसणार.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली एकजण आली आणि भाकरी थापून गेली. संध्याकाळी दुसरी आली, ती धार काढून गेली. तिसरी कपडे घेऊन गेली. मी आत्यांना म्हटलं, कुणाला सांगितलं तुम्ही? लाज वाटते मला. आत्या म्हणाल्या, “लाज कसली त्यात? सावड हाय ती. त्यांच्या भांगलणीला आपुन जात न्हाई व्हय?”

सावड माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आज सगळ्या बाया तुझ्या रानात भांगलतील, म्हणजे तण काढतील, उद्या सगळ्या माझ्या रानात. मजुरी नसते. एकटी बाई एक रान भांगलत बसली तर तण पुढं पळतं आणि बाई मोडते. हे आमच्या आळीतल्या शाळा न बघितलेल्या बायकांना पण ठाऊक आणि मला पण लहानपणापासनं ठाऊक. पांढरा ड्रेस घातला आणि विसरले. पडल्या पडल्या ह्याच गोष्टीचा विचार करत होते.

आठवडे गेले. अंगठा हलेना. हवालदारांनी माझ्या व्यायामाचा ताबा घेतला होता. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं ते माझ्याकडनं सकाळ-संध्याकाळ पीटीसारखं करून घ्यायचे. मी डोळे मिटून अंगठ्याला हुकूम सोडायची, वर, वर, आणि ते पुढ्यात बसून बघत राहायचे. काही झालं नाही की म्हणायचे, आज जवान रजेवर हाय, उद्या येईल. मी हसायची. मग ते रानात गेले की उशीत तोंड खुपसायची. भीती वाटत होती, ती सरळ सांगते. मला चालता येईल, ते कळत होतं, स्प्लिंट घालून माणसं चालतात. पण वॉर्डात स्प्लिंट घालून धावता येतं का? सलाईन संपलं म्हणून हाक आली तर? मला खुर्चीवर बसवून कागद देतील, किंवा ते पण देणार नाहीत. नर्स नसले तर मी कोण?

ह्याच दिवसांत अश्विनी आली. आमच्या वॉर्डातली सगळ्यात तरुण सिस्टर, कडेगावची. माझ्या हाताखाली तयार झालेली पोर, चपळ आणि जीव लावणारी. बरोबर कंदी पेढे आणले होते. वॉर्डातल्या गमतीजमती सांगितल्या, आणि मग कौतुकानं म्हणाली, “ताई, तुमची कमी नाही भासू देत हां मी. आता मी पण एकटीच उचलते. मला मिनी जेसीबी म्हणतात.”

आणि उठताना तिनं कमरेवर हात दाबला.

मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, किरकोळ आहे, परवा पडद्यामागं एक घेतलं, आता बरंय. मी हातातला पेढा परत पुडक्यात ठेवला. तिला काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. शिव्या दिल्या असणार. तपासून घे म्हटलं, माझ्या पायाकडं बघ म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिच्या डोळ्यांत मी आजारानं चिडचिडी झालेली बाई होते. मला दिसत होतं ते. ती गेल्यावर मी ठरवलं, मला वॉर्डात परत जायचंय. ह्या वेळी पगारासाठी नाही आणि नावासाठी तर नाहीच. ह्या पोरीच्या पायातली चप्पल निसटायच्या आत जायचंय.

अंगठ्याला काय, त्याला माझ्या ठरवण्याचं काही पडलं नव्हतं. मी डोळे मिटून हुकूम सोडत राहिले. आणि हलला तो भलत्याच वेळी. दुपारी मी पडले होते, आत्या शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या.

“शालन,” त्या एकदम म्हणाल्या, “आगं तुजा अंगठा हालला.”

“कवा?”

“आत्ता. माशी बसली हुती त्येच्यावर. परत हालीव बगू.”

मी उठून बसले, पायाकडं बघितलं आणि सांगितलं, वर. अंगठा उचलला. किती? तांदळाच्या दाण्याएवढा. पण माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्या सांगण्यावरनं उचलला. आत्यांनी लसणाच्या हातानंच माझी अलाबला घेतली आणि मी त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. हवालदार रानातनं आले तेव्हा आम्ही दोघी रडत होतो, ते दारातनंच ओरडले, काय झालं? मग मी त्यांना अंगठा दाखवला. ते पायाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, “जवान हाजर झाला,” आणि तोंड फिरवून पाणी प्यायला गेले.

त्यानंतर सगळं भराभर झालं असं नाही. पुढं सरकायचं, मागं यायचं. पण नस जागी झाली होती. पुढच्या तपासणीला सांगलीच्या डॉक्टरांनी परत अंगठ्यावर बोट ठेवलं आणि ढकला म्हणाले. मी ढकललं. ते हसले, मला म्हणाले वेळेत आलात, आणि आमच्या ह्यांच्याकडं बघून म्हणाले, ह्यांना वेळेत कुणी आणलं? मी म्हटलं, परेड बघणाऱ्यानं.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना मी एवढंच सांगेन. नुसती कंबर दुखते तेव्हा घाबरून जाऊ नका, पुष्कळांची ऑपरेशनाशिवाय बरी होते. पण दुखणं पायात उतरलं, पाय बधिर झाला, चवडा उचलेना, तर इंजेक्शनानं झाकू नका. इंजेक्शन दुखणं गप्प करतं, नस मोकळी करत नाही. आणि लघवी-संडासचं भान गेलं किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट न बघता निघा. हे मी नर्स म्हणून सांगत नाही. नर्स म्हणून मला हे सगळं आधी पण माहीत होतं.

मी कामावर हजर झाले तेव्हा जड काही करायचं नाही अशी अट होती. पहिल्यांदा मॅट्रन मॅडमकडं गेले. बोलायला गेले की भांडायला, ते अजून ठरायचंय. पण हँडल कुलपातनं बाहेर आलं, आणखी काही मागवली गेली, आणि हरवू नयेत म्हणून मी प्रत्येक हँडल सलाईनच्या नळीनं कॉटला बांधून टाकलं. नातेवाईक विचारतात हे काय. मी म्हणते, औषध आहे, आमचं.

उचलायचं मात्र तसंच चालू होतं. मी सांगायची, पोरी हो हो म्हणायच्या आणि पाठ फिरली की एकटीनं ओढायच्या. गडबड असते, माणूस कमी असतं, दुसरीची वाट बघायला जीव धीर धरत नाही. त्यांना दोष कसा देऊ?

मग एके दिवशी एक म्हातारे पैलवान ॲडमिट झाले. वय झालं तरी खांदे दाराएवढे. ते घसरून कॉटच्या पायथ्याला आले होते आणि त्यांना धाप लागली होती, वर घेणं गरजेचं होतं. त्यांची सून मला ओळखत होती. म्हणाली, आवं ताई, मागं तुमी आमच्या चुलत्यांना एकटीनं उचललं हुतं की, ह्यांना बी घ्या. सगळ्या वॉर्डानं माझ्याकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले. तेवढ्यात अश्विनी पुढं झाली. तिनं पैलवानांच्या काखेत हात घातले आणि पाय रोवले. अगदी माझ्यासारखे.

“अश्विनी, हात काढ,” मी म्हटलं.

“ताई, मी करते की.”

“हात काढ. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. सावडीनं उचलायचं.”

ती उसाच्या गावची पोर, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं हात काढले. मी हँडल फिरवून कॉट आमच्या कमरेला येईल एवढी वर घेतली. मावशीला हाक मारली, मामांना हाक मारली. पैलवानांच्या अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून घेतली, चौघांनी चार कोपरे धरले. मला जड उचलायची मनाई होती, म्हणून मी सुनेला माझ्या जागी उभी केली आणि उशीपाशी उभं राहून हाक दिली. पैलवान चादरीसकट सरकत उशीला लागले. अश्विनी चादर सोडून सरळ झाली. कमरेला हात लावायला गेली, आणि तिथं काही दुखत नाही हे तिच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला. माझ्याकडं बघून ती हसली, आणि मग दुसऱ्या दिवशी, मी न सांगता, जिना उतरून ओपीडीत गेली. तिची गादी शाबूत निघाली. स्नायू आखडलेत, व्यायाम करा म्हणाले.

आता आमच्या वॉर्डात कुणाला उचलायचं असलं की एकीच्या नावानं हाक येत नाही. “सावड,” एवढंच कुणीतरी ओरडतं आणि मोकळे असतील ते हात पुसत येतात. रोज येतातच असं नाही. गर्दीच्या दिवशी अजून कुणीतरी एकटी ओढते, आणि मी तिच्यावर ओरडते. मला आता जेसीबी कुणी म्हणत नाही. पैलवानांच्या त्या दिवशी ड्युटी संपवून मी बाहेर पडले तेव्हा हवालदार गेटपाशी गाडी घेऊन उभे होते. मी लांबच्या बोळातनं येताना त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं डुलकी लागली. जवळ गेल्यावर म्हटलं, आवं, झोपलाय काय?

“न्हाई,” ते म्हणाले. “आयकत हुतो. दोन्ही पाय टक वाजतायत.”